आमच्या टीमची उलटी भिशी

संपादकांनी विषय दिला तो असा: डिजिटल प्रकाशनाच्या क्षेत्रात पगार किती असतो आणि तो कशावर ठरतो, हे पालकांना आणि मुलांना समजेल असं लिहा. दिवाळी अंक आहे, तेव्हा वाचून जरा उमेद वाटली पाहिजे, असंही वर म्हणाले. मी बरं म्हटलं. गेले पंधरा दिवस कागद पुढे घेऊन बसतोय आणि उमेद काही येत नाही. पगाराचं काय, ते सगळं सांगता येईल. पण ते सांगायला लागलो की त्यात अनुराधाताई येणार, आणि त्या आल्या की मी येणार. तेव्हा ज्यांना उमेदच हवी असेल त्यांनी सरळ पाककृतींचं पान उघडावं. मी रागावणार नाही.

आधी धंदा काय ते सांगतो, कारण एकोणीस वर्षं मी तो करूनही माझ्या सख्ख्या भावाला कळलेला नाही. तो अजून पाहुण्यांना सांगतो, "दादा कंपनीत टायपिंग करायचा." मी मुळात छापखान्यातला माणूस. चिंचवडच्या एका प्रेसमध्ये प्रुफं तपासायचो. प्रेस बंद पडली, मग कॉम्प्युटरवर पानं लावायचं डीटीपी शिकलो, आणि तिथून या परदेशी पुस्तकांच्या कंपनीत आलो. कंपनी चिंचवडलाच, एका बँकेच्या वरच्या दोन मजल्यांवर. मोठं ऑफिस हिंजवडीला. आम्ही म्हणजे मागचं स्वयंपाकघर.

समजा, परदेशातल्या प्रकाशकाने वैद्यकाचं आठशे पानांचं पुस्तक छापलं. तेच त्याला मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवरही विकायचं असतं. कागदाचं पान ठरल्या मापाचं असतं. मोबाइलचा पडदा चार बोटांचा, त्यात वाचणारा अक्षर लहानमोठं करणार, म्हणजे मजकूर सारखा हलणार. तो हलला तरी शीर्षक शीर्षकच राहिलं पाहिजे, तळटीप तळाशी गेली पाहिजे, तक्त्यातला आकडा आपल्या रकान्यातून सरकता कामा नये. त्यासाठी प्रत्येक ओळीला, प्रत्येक आकड्याला एक न दिसणारी चिठ्ठी लावावी लागते. शाळेत पोराच्या डब्यावर, बाटलीवर, दप्तरावर नाव घालतात, तसं. त्या चिठ्ठीला आम्ही टॅग म्हणतो. दिवसभर टॅग लावायचे आणि दुसऱ्याने लावलेले तपासायचे, हे आमचं काम. मान मोडते, डोळे जातात आणि पुस्तकावर नाव लेखकाचं येतं.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. भोसरीच्या एका कारखानदाराने आमच्याकडून सुट्या भागांचं जाडजूड पुस्तक टॅबलेटवर करून घेतलं आणि महिन्याभरात तक्रार केली, पानं उलटत नाहीत. मी स्वतः गेलो. त्यांचे स्टोअर सांभाळणारे नाना साठीचे. आयुष्यभर जिभेला बोट लावून पान उलटलेलं, टॅबलेटलाही तेच. पडदा चिकट होऊन बसला होता. मी म्हटलं, "नाना, बोट कोरडं ठेवा." नाना म्हणाले, "व्हय, पन त्याबिगर हात हालत न्हाई ना." शेवटी त्यांना एक छापील प्रतही करून दिली, आणि टॅबलेट मालकाचा नातू घेऊन गेला.

आता पगार. तो कामावर ठरतो असं ज्याला वाटतं त्याने एखादं वर्ष काम करून बघावं. पहिल्या दिवशी तुम्ही जो आकडा कबूल करता तो तुमच्या मानगुटीवर बसतो, कारण पुढची प्रत्येक वाढ त्याच्यावर टक्क्यांनी मिळते. अनुराधाताई माझ्या टीममधल्या, माजलगावकडच्या. नवरा चाकणला कंत्राटावर, दर सात महिन्यांनी ब्रेक, म्हणजे पगाराविना घरी. घरी सासू आणि एक मुलगी. बीए झालेल्या, मराठी घेऊन. मुलाखतीत त्यांना विचारलं, अपेक्षा किती? त्या म्हणाल्या, "तुम्ही द्याल ते." एचआरच्या पोरीने तेच धरलं आणि त्यांना सगळ्यात खालच्या आकड्यावर घेतलं. पुढे कधीतरी मी त्यांना म्हटलं, असं कुणी बोलतं का हो? तर म्हणाल्या, "आमच्याकडं असंच म्हणायची पद्धत आहे सर. आपण मागितलं तर समोरच्याला ओशाळं वाटतं." चौदा वर्षं त्या या एका वाक्याची किंमत मोजत होत्या.

समीर त्यांच्यानंतर आठ वर्षांनी आला. हिंजवडीच्या एका दुसऱ्या कंपनीतून आला, म्हणून आला तोच त्यांच्याहून जास्त पगारावर. काम त्याला ताईंनी शिकवलं. पोरगा हुशार, गोड बोलणारा, इंग्रजी फर्डं. आमच्या धंद्यात परदेशी गिऱ्हाइकाशी फोनवर जो बोलतो त्याला भाव. चूक कुणी धरली याला नाही, ती गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगितली याला.

एकदा औषधांच्या पुस्तकात ताई एका तक्त्यापाशी अडून बसल्या. मला बोलावलं. "सर, मला औषधातलं काय कळतंय, पण वर लिहिलंय लेकराला कमी द्या आन् तक्त्यात लेकराला जास्त दिसायलंय." मूळ छापील पुस्तकातच दोन ओळींची अदलाबदल झाली होती. पुस्तक बाजारात जाऊन वर्ष झालेलं. प्रकाशक हादरला. पण मेल समीरने लिहिला, फोनवर समीर बोलला, आणि आभाराचं पत्र आलं त्यात समीरचं नाव होतं. समीरने सगळ्यांसमोर सांगितलं की हे ताईंनी शोधलं. वाढ मात्र त्याला मिळाली. ताईंना केक मिळाला.

तिसरी गोष्ट, कंपनी बदलणं. एका जागी टिकून राहिलात की तुम्ही मेलात. बदलायला गेलात की नवी कंपनी जुन्या पगाराची चिठ्ठी आणि शेवटच्या वाढीचं पत्र मागते आणि त्यावर टक्के चढवते. त्यामुळे वाढीचं पत्र हाती पडल्याशिवाय शहाणा माणूस राजीनामा देत नाही. हे वाक्य पालकांनी लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

आणि चौथी, रेटिंग. मी ज्या टीमचा लीडर होतो तिच्यात दहाजण. दर वर्षी फेब्रुवारीत प्रत्येकाचा एक फॉर्म मी भरायचा आणि दहांना एक ते पाच क्रमांक द्यायचे. कंपनीचा नियम असा की दहांतल्या एकाला पाचवा, म्हणजे शेवटचा क्रमांक दिलाच पाहिजे. दहाही चांगले असले तरी. शेवटच्याला त्या वर्षी वाढ शून्य. का, तर सगळे चांगले असूच शकत नाहीत, असं वर कुणीतरी ठरवलेलं.

पहिल्या वर्षी मी प्रामाणिकपणे रेटिंग दिलं. सोनवणे नावाचे माझ्याच वयाचे गृहस्थ होते, छापखान्यातलेच. डोळे अधू झालेले, काम हळू. मी त्यांना शेवटचा क्रमांक दिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याबरोबर चहाला यायचं बंद केलं आणि दोन महिन्यांनी नोकरी सोडली. मला ते फार लागलं. पुढच्या फेब्रुवारीत मी टीमला चहाच्या टपरीवर नेलं आणि म्हटलं, हे असं आहे, काय करायचं बोला. तिथे उलटी भिशी सुरू झाली.

भिशीत ज्याचा नंबर लागतो त्याला पैसे मिळतात. आमच्याकडे ज्याचा नंबर लागेल त्याची वाढ जायची. दहा नावांची यादी. दर वर्षी एकाने शेवटचा क्रमांक घ्यायचा, नवा येईल त्याचं नाव तळाला. एकदा घेतला की दहा वर्षं मोकळा. आणि त्या बदल्यात, पत्रं वाटली की त्या माणसाने महिनाभर घरून डबा आणायचा नाही, बाकीच्या नऊजणांनी आळीपाळीने त्याच्यासाठी आणायचा. ही डब्याची कल्पना ताईंची. त्या महिन्यात ज्याचा नंबर तो चांगला चार किलो वाढायचा. मला या गोष्टीचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. कंपनीच्या नाकावर टिच्चून आम्ही न्याय करतोय असं वाटायचं.

एक अडचण होती. शेवटचा क्रमांक दिला की फॉर्ममध्ये कारण लिहावं लागायचं, इंग्रजीत, चारपाच ओळी. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकायचाच नाही. मग मी दोष रचायला शिकलो. दिसायला दोष, पण कुणाचं काही बिघडणार नाही असा. मीटिंगमध्ये फार बोलतात. मीटिंगमध्ये फार गप्प बसतात. रजा आधी कळवत नाहीत. टीमला हे माहीत होतं, हसायचेही. "सर, यंदा मला कुठला रोग लावला?" असं विचारायचे. वाचलं मात्र कुणी कधी नाही, कारण तो कागद थेट वर जायचा आणि खाली यायचं ते फक्त वाढीचं पत्र. दहा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत यादीत समीरचा नंबर होता. पहिलाच. टपरीवर तो तोंड पाडून उभा. म्हणाला, "सर, मोशीला फ्लॅट बुक केलाय. बँकेला वाढीचं पत्र दाखवायचंय. यंदा शून्य आलं तर कर्जाचा आकडा बसत नाही. पुढच्या वर्षी घेतो मी, शब्द देतो." प्रत्येकाचं काही ना काही होतंच. मी यादी काढली, पुढचं नाव ताईंचं. मी त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं, त्यांनी आपणहून म्हटलं, "टाका की माझं नाव. मला कुठं घर घ्यायचंय, कुठं नोकरी बदलायचीय. पुढल्या साली समीर घेईल माझं." समीर त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला दटावलं, "चहा सांड आता अंगावर."

मी घरी येऊन ताईंचा फॉर्म भरायला बसलो. निगडीच्या घरात, गॅलरीत. जुने दोष सगळे वापरून झाले होते. ताईंच्या बाबतीत रजेचं लिहिलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं, त्यांनी चौदा वर्षांत किती रजा घेतल्या ते हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं. शेवटी सुचलं ते लिहिलं: नवीन सॉफ्टवेअर शिकायला यांना वेळ लागतो. मला वाटलं, चाळिशी ओलांडलेल्या बाईबद्दल हे कुणीही मान्य करेल आणि विसरून जाईल. सही केली, पाठवून दिलं, जेवायला बसलो.

एप्रिलच्या सुरुवातीला आमचे मॅनेजर दीक्षित हिंजवडीहून आले. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण माणूस वाईट नव्हता. केबिनमध्ये बसवून म्हणाले, "देवकर सर, नवं सॉफ्टवेअर येतंय. टॅग तेच लावणार, माणसांनी फक्त तपासायचं. गिऱ्हाइकांनी पानाचा दर खाली आणलाय. प्रत्येक टीममधून एक माणूस कमी करायचाय. शेवटच्या रेटिंगवाला." आणि समोरचा कागद फिरवून मला दाखवला. ताईंचं नाव, आणि खाली मी लिहिलेली ओळ, पिवळ्या रंगात. "यात तर प्रश्नच नाही," ते म्हणाले. "नवं सॉफ्टवेअर आणतोय आणि या बाईंना तेच जमत नाही, असं तुम्हीच लिहिलंय."

मी म्हटलं, साहेब, बाई चांगल्या आहेत, मी जरा कडक रेटिंग दिलं. ते म्हणाले, "मग तसा मेल करा. फॉर्म चुकीचा भरला होता असं लिहा, आणि योग्य नाव द्या. एक नाव मला पाहिजेच. सोमवारी पत्रं जाणार." तो दिवस गुरुवार.

मी समीरला खाली टपरीवर घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, तुम्हाला एक सांगतो, कुणाला सांगू नका. मला हिंजवडीत दुसऱ्या कंपनीची ऑफर आहे. वाढीचं पत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. ते दाखवलं की ते त्यावर टक्के चढवून आकडा ठरवणार. पत्र हातात पडलं की मी राजीनामाच देतोय."

मला हायसं वाटलं. म्हणजे माणूस एक कमी होणारच होता, आपोआप. मी म्हटलं, "अरे मग आज दे राजीनामा. ताई वाचतील."

"आज दिला तर पत्र मिळत नाही, सर. राजीनामा दिलेल्याला वाढ देत नाहीत. मग जुन्या पगारावर टक्के. फ्लॅटचा हप्ता कसा भरू? आणि नव्या कंपनीने ऐन वेळी आकडा पाडला तर मी ना इथला ना तिथला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही साहेबांना नुसतं सांगा ना, थोडं थांबा म्हणून. पण माझं नाव नका घेऊ. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. चिडून दिला, पण दिला.

शुक्रवारी दीक्षितांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, एक महिना थांबा. टीममधला एकजण स्वतःहून जाणार आहे. कुणाला काढायची गरज पडणार नाही."

"कोण?"

"ते सांगता येत नाही."

ते हसले. "देवकर सर, नावाशिवाय मी वर काय सांगू? नाव द्या, मी आत्ता यादी बदलतो."

समीर हे तीन अक्षरांचं नाव. माझ्या जिभेवर होतं. मी ते घेतलं असतं तर समीरची वाढ गेली असती, कदाचित नोकरीही. ताई राहिल्या असत्या. मी मूग गिळून बसलो. शब्द दिला होता हे खरं आहे, आणि दोन वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलोय. पण त्याहून खरं असं की नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही शेवटचं रेटिंग या बाईंना का दिलंत? त्यातून अकरा वर्षांची भिशी बाहेर पडली असती. अकरा खोटे फॉर्म, सगळ्यांवर माझी सही. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं. खोटे कागद केले म्हणून काढलं तर ग्रॅच्युइटी अडकेल, असं माझ्या मनाने घेतलं. मी घाबरलो. दीक्षित घड्याळाकडे बघून म्हणाले, "तुमचा मेल आला नाही तर हीच यादी जाईल." शनिवार गेला, रविवार गेला. मेल मी चार वेळा लिहिला आणि चार वेळा पुसला.

ताईंना मी आधी सांगितलं नाही. तेवढंही केलं नाही. त्यांना शून्य वाढ येणार हे ठरलेलंच असल्यामुळे सोमवारपासून त्यांचा डब्याचा महिना धरला होता, आणि पहिला डबा समीरचा. त्याने सकाळी आल्या आल्या तो ताईंच्या टेबलावर ठेवला. बायकोने भरली वांगी केली होती. साडेअकराला एचआरने ताईंना आत बोलावलं. पंधरा मिनिटांनी त्या बाहेर आल्या, हातात दोन कागद: कामावरून कमी केल्याचं पत्र आणि मी भरलेला फॉर्म. सरळ माझ्या टेबलाशी.

"सर, हे तुम्ही लिहिलंय?"

मी म्हटलं, ताई, ते नेहमीसारखंच, कुणाला ठाऊक होतं...

"नेहमीचं आहे ते ठाऊक आहे मला. पण हेच का लिहिलं? दुसरं कायबी लिहायचं होतं. चिडकी आहे लिहायचं होतं. उशिरा येती लिहायचं होतं." आवाज चढवला नाही त्यांनी. "नवं शिकत नाही, हे नव्हतं लिहायचं सर. तुमच्या टीमला चार सॉफ्टवेअर मी शिकवलीत."

खरं होतं ते. मला लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

त्यांनी ड्रॉवर रिकामा केला. जाताना समीरच्या टेबलावर त्याचा डबा ठेवला, न उघडलेला. "घरी नेऊ नको तसाच, बायकोला वाईट वाटंल. तू खा." समीर उठून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. त्या लिफ्टने गेल्या नाहीत, जिन्याने गेल्या.

पत्र मिळालं तसा समीरने राजीनामा दिला. त्याला जवळजवळ दीडपट मिळाले. पेढे आणले. मी घेतला नाही. तो म्हणाला, "सर, तुम्हीसुद्धा नाव घेतलं नाहीत." मी त्याला म्हटलं, तू जा आता. नंतर वाटलं, त्याने काय खोटं सांगितलं? त्याच्या रिकाम्या जागेवर कुणाला घेतलं नाही. दीक्षितांनी विचारलं, "तो हाच होता का?" मी हो म्हटलं. ते दुसऱ्या कामाचं बोलू लागले. पुढच्या फेब्रुवारीत टीमने यादीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. शेवटचा क्रमांक कुणाला दिला ते सांगत नाही, पण त्या वर्षी कारणाच्या रकान्यात मी लिहिलं की कारण नाही, नियम आहे म्हणून दिला. फॉर्म पुढे सरकला. इतकी वर्षं सरकला असता, मी कधी करून बघितलंच नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मला एक फोन आला. बाणेरच्या एका कंपनीची एचआरची मुलगी. अनुराधाताईंनी तिथे अर्ज केला होता आणि ओळखीचा म्हणून माझा नंबर दिला होता. माझा. ती म्हणाली, "सर, यांच्या जुन्या कंपनीकडून आलेल्या कागदांत असं आहे की त्यांना नवीन सॉफ्टवेअर शिकायला वेळ लागतो. खरं आहे का?" मी म्हटलं, साफ खोटं आहे. माझ्या आयुष्यात मी पाहिलेलं या कामातलं सगळ्यात चांगलं माणूस आहे. ती म्हणाली, "पण खाली सही तुमची आहे." मी म्हटलं, हो, मीच लिहिलं ते, आणि ते खोटं लिहिलं. मग ती फार नम्रपणे म्हणाली, "सर, तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत की आत्ता खोटं सांगताय, हे मी कसं ठरवू?" मी भिशीचं सांगायला सुरुवात केली. तिला ते काही समजलं नाही, किंवा समजलं असेल. ताईंना ती नोकरी मिळाली नाही. हा फोन आला होता हे मी त्यांना परवापर्यंत सांगितलं नव्हतं.

परवा हे सगळं लिहून झालं आणि मला वाटलं, त्यांना दाखवल्याशिवाय छापायला देणं बरं नाही. त्या चिखलीला राहतात. बिल्डिंगखाली उभं राहून फोन केला तर म्हणाल्या, "वर नका येऊ सर, मीच येतेय खाली." आल्या. बारीक झाल्यात. आता चाकणच्या एका गोदामात आहेत, सुट्या भागांची नावं कॉम्प्युटरवर चढवायचं काम. पगारासकट हे मला टीममधल्या एकाकडून आधीच कळलं होतं. जाऊन येऊन तीन तास. आधी वर्षभर घरी होत्या.

पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसून त्यांनी सगळी पानं वाचली. फोनचा भागही वाचला आणि पुढे गेल्या. पर्समधून पेन काढून दोन ठिकाणी माझी वाक्यं सरळ केली, एक शब्द दोनदा आला होता तो खोडला. मी म्हटलं, "ताई, नको वाटत असेल तर देत नाही मी हे."

"द्या की. घडलंय तेच लिहिलंय." मग शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "तेवढा माझा आताचा पगार लिहिलाय, तो काढा."

मी म्हटलं, विषयच पगाराचा दिलाय त्यांनी, म्हणून लिहिला. नाव बदलतो हवं तर. (नंतर सगळ्यांची नावं, गावं बदललीच मी.)

"नावाचं काय नाही सर. सासूबाई दिवाळी अंक वाचतात. इथंबी जुन्याइतकाच पगार आहे असं घरी सांगितलंय. ह्यांना पण."

मला कळेना. "मग दर महिन्याला घरी देता कुठून तेवढे?"

"कंपनीनं काढताना हिशेब केला होता ना, त्यातले आहेत थोडे. त्यातनं वरचे घालायलेय." त्यांनी पानं जुळवून माझ्या हातात दिली आणि पेनही दिलं. "मार्चपर्यंत पुरतील."